तांबेऱ्यावरील पाळत : गव्हाच्या रोगांची ओळख आणि नोंद
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



शताब्दीनिमित्त योजिलेल्या या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास यांच्या जोडीने एक सायंकाळ गव्हाच्या रोगांना द्यावी, हे वरवर पाहता काहीसे विचित्र वाटेल. परंतु माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाचे गव्हाशी असलेले नाते साधे नाही. दख्खनच्या ज्वारी-बाजरीच्या मुलखातून शिंदे-होळकरांच्या काळात आलेली कुटुंबे येथील काळ्या जमिनीवर स्थिरावली, तेव्हा त्यांच्या ताटात भाकरीच्या शेजारी पोळी रोजची झाली. बाटी-बाफले मराठी पंगतीत आले आणि माळवी गव्हाचा रवा सणासुदीला नावाजला जाऊ लागला. ज्या धान्यावर घर चालते त्या धान्याचा शत्रू कोण, तो कसा ओळखावा आणि त्याच्यावर पाळत कोणी ठेवावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ शेतकऱ्याचा नाही. शिवाय या प्रश्नाची उकल झाली ती बव्हंशी नोंदवह्यांतून. नोंदी जपणाऱ्या संस्थेत त्याची चर्चा होणे अस्थानी ठरू नये.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. युरोप-अमेरिकेत ज्याला हिवाळी गहू म्हणतात, तो शरद ऋतूत पेरला जातो, बर्फाखाली थंडी काढतो आणि ती थंडी मिळाल्याखेरीज ओंबीवर येत नाही. त्याची कापणी पुढील उन्हाळ्यात होते. आपल्याकडील गहूही हिवाळ्यातच वाढतो, पण तो जातीने वसंत गहू आहे. कार्तिकात पेरावा आणि फाल्गुन-चैत्रात खळ्यात आणावा, असे त्याचे चार-साडेचार महिन्यांचे आयुष्य. हा भेद पुस्तकी नाही. परदेशात गव्हाचे रोप जवळजवळ वर्षभर शेतात असते. येथे उन्हाळा व पावसाळा मिळून सहा-सात महिने मैदानात गव्हाचे हिरवे पान दिसत नाही. गव्हाचा रोग मग त्या काळात कोठे राहतो, हे कोडे भारतातच विशेष बिकट झाले, ते यामुळे.

गव्हाच्या रोगांत सर्वांत जुना, सर्वांत दूरवर जाणारा आणि सर्वांत अधिक धान्य खाणारा रोग म्हणजे तांबेरा. मराठीत त्याला गेरवा असेही म्हणतात, माळव्यात गेरुआ. दोन्ही नावे रंगावरून पडली आहेत. रोगट शेतातून चालत गेलेल्या माणसाचे धोतर गुडघ्यापर्यंत गेरूत बुडवल्यासारखे होते.

ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन याने या रोगाचे वर्णन करून ठेविले आहे. नर्मदेच्या खोऱ्यात १८२७ नंतरच्या काही वर्षांत तांबेऱ्याने जो हाहाकार उडविला, तो त्याने डोळ्यांनी पाहिला होता. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत तो सांगतो की, मैलोगणती पसरलेले उभे पीक इतके नासले की कापणीची मजुरीही अंगावर पडेल म्हणून लोकांनी बहुतेक शेते तशीच सोडून दिली. या आपत्तीची कारणे लोक काय सांगत, तेही त्याने टिपले आहे. कोणी गोहत्येला दोष देई, कोणी वाढत्या व्यभिचाराला आणि खोट्या साक्षीला. शेजारच्या अळशीवरून हा रोग गव्हावर येतो, अशीही समजूत होती. अळशीला तांबेरा होतो हे खरे. परंतु त्याची बुरशी वेगळी आणि ती गव्हाला शिवत नाही. या समजुतींना हसणे सोपे आहे. पण ज्याचे बी दिसत नाही, ज्याची वाट दिसत नाही आणि जे पंधरा दिवसांत वर्षाची मेहनत धुळीस मिळविते, त्याला दैवी कोप म्हणण्यावाचून त्या शेतकऱ्याजवळ दुसरा शब्द नव्हता.

शंभराहून अधिक वर्षांनी, १९४६-४७ च्या हंगामात, मध्य भारतावर काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. तिच्यात सुमारे २० लाख टन गहू गेल्याचा अंदाज नोंदविला गेला आहे. देशात धान्याचे नियंत्रण चालू होते, बंगालच्या दुष्काळाला जेमतेम तीन वर्षे लोटली होती आणि स्वातंत्र्य उंबरठ्यावर होते. पीक वरून उत्तम दिसत होते. पण कापणी करून मळणी केली तेव्हा ओंब्यांत भरीव दाण्याऐवजी सुरकुतलेली, फोलासारखी टरफले निघाली. त्या साथीची झळ ज्यांनी सोसली, ती पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे.

तांबेऱ्याचे प्रकार तीन. ते ओळखण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही. डोळा, बोट आणि थोडा सराव पुरतो.

पहिला काळा किंवा खोडावरील तांबेरा. याचे फोड मोठे, लांबट आणि विटकरी रंगाचे असतात. ते प्रामुख्याने खोडावर आणि पानांच्या आवरणावर दिसतात. पानांवर आणि ओंबीवरही येतात. फोड फुटला की वरची साल फाटून तिच्या कडा बाहेर वळलेल्या दिसतात. पीक पिकू लागले की हेच फोड काळे पडतात, आणि त्यावरून नाव पडले. याला ऊब आवडते. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात तो फोफावतो. म्हणून माळवा, विदर्भ, मराठवाडा, उत्तर कर्नाटक हा त्याचा प्रदेश.

दुसरा तपकिरी किंवा पानांवरील तांबेरा. याचे फोड लहान, गोलसर, नारिंगी-तपकिरी आणि पानाच्या पृष्ठभागावर विखुरलेले असतात. त्यांना ओळ नसते, शिस्त नसते. सुमारे २० अंश तापमान त्याला मानवते, आणि गहू पिकणाऱ्या जवळजवळ सर्व प्रांतांत तो आढळतो.

तिसरा पिवळा किंवा पट्ट्यांचा तांबेरा. हळदीच्या रंगाचे बारीक फोड पानाच्या शिरांना समांतर अशा सरळ रेघांत मांडलेले असतात. तो १० ते १५ अंशांच्या थंडीत वाढतो. पंजाब, हरियाणा आणि हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश त्याच्या तावडीत सापडतो. माळव्याची ऊब त्याला सहसा टिकू देत नाही.

पान पिवळे दिसले म्हणजे तांबेरा झाला असे मात्र नव्हे. नत्र कमी पडले, जस्त कमी पडले, पाणी साचले, मावा पडला, तरी पान पिवळे पडते. त्यासाठी जुनी आणि अचूक परीक्षा बोटाची आहे. पान दोन बोटांत धरून हलकेच पुसावे. बोटाला पिवळी, नारिंगी किंवा विटकरी भुकटी लागली तर तांबेरा. बोट कोरडे राहिले तर कारण अन्यत्र शोधावे. करप्याचे डाग तपकिरी आणि वाळलेले असतात, त्यांची भुकटी निघत नाही. भुरीची भुकटी पांढरी, पिठासारखी असते.

आणखी दोन रोग ओंबीवर ओळखले जातात. काजळी, म्हणजेच मोकळी काणी, ओंबी बाहेर पडतानाच दिसते: दाण्यांच्या जागी काळी भुकटी, आणि काही दिवसांत ती वाऱ्याने उडून गेल्यावर उरलेला नुसता दांडा. ही भुकटी शेजारच्या फुलोऱ्यावर पडते आणि रोग थेट दाण्याच्या गर्भात जाऊन बसतो. असा दाणा बाहेरून निरोगी दिसतो, आणि पुढील वर्षी त्यातून रोगट रोप उगवते. लायलपूर येथील लूथ्रा यांनी १९३०च्या दशकात यावर बिनखर्चाचा उपाय दाखविला. कडक उन्हाळ्यात सकाळी बी चार तास पाण्यात भिजवावे आणि मग दुपारच्या उन्हात पसरून खडखडीत वाळवावे. ओलाव्याने आतील बुरशी जागी होते आणि उन्हाच्या तापाने मरते. दुसरा रोग कर्नाल बंट. १९३१ मध्ये कर्नाल येथे त्याची प्रथम नोंद झाली. दाण्याचा काही भाग काळा पडतो, आणि सडलेल्या मासळीसारखा वास येतो. येथे डोळ्याआधी नाक रोग सांगते.

तांबेऱ्याकडे परतू. तो ज्या बुरशीमुळे होतो ती केवळ जिवंत हिरव्या पेशींवर जगते. वाळक्या काडीवर किंवा मातीत तिचे भागत नाही. तिचे बीजाणू इतके सूक्ष्म की वाऱ्याच्या झुळकेने उडतात. बीजाणू पानावर पडला आणि दहिवराने पान सहा-आठ तास ओले राहिले की तो अंकुरतो, पानाच्या रंध्रांतून आत शिरतो, आणि आठ-दहा दिवसांनी तेथे फोड उठून हजारो नवे बीजाणू बाहेर पडू लागतात. एका हंगामात अशा अनेक पिढ्या होतात. जानेवारीत एका कोपऱ्यातील चार पानांवर असलेला रोग फेब्रुवारीअखेर गावाचे शिवार व्यापतो, तो या गणिताने.

मग जी बुरशी हिरव्या पानावाचून जगत नाही, ती मे महिन्याच्या उन्हात कोठे राहते? युरोपातील उत्तर ठाऊक होते. जर्मन शास्त्रज्ञ डी बारी याने १८६५ मध्ये सिद्ध केले होते की, काळ्या तांबेऱ्याचा काही जीवनक्रम बार्बेरी या झुडपावर, म्हणजे आपल्या दारुहळदीच्या कुळातील वनस्पतीवर, पार पडतो. अमेरिकेने १९१८ पासून बार्बेरीची झुडपे उपटण्याची मोहीमच काढली. दारुहळद हिमालयातही आहे. तेव्हा भारतातही हाच प्रकार असावा, असा तर्क होणे स्वाभाविक होते. बटलर आणि हेमन यांनी १९०६ मध्ये भारतीय तांबेऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला, तरी कोडे पूर्णपणे सुटले नव्हते.

ते सोडविण्यात हयात घालविली ती आग्रा कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी. त्यांचा जन्म १८९२ चा, मृत्यू १९५० चा. त्यांनी मैदानातील उन्हाळ्यात बीजाणू ठेवून पाहिले. ते मरत होते. दारुहळदीवरील रोगाचा गव्हाच्या रोगाशी मेळ घालून पाहिला. तो बसत नव्हता. ठिकठिकाणी व्हॅसलिन लावलेल्या काचपट्ट्या हवेत ठेवून कोणत्या गावी कोणत्या आठवड्यात बीजाणू येतात, याच्या नोंदी केल्या. डोंगराळ भागात उन्हाळ्यात व पावसाळ्यात उभा असणारा गहू आणि आपोआप उगवलेली रोपे त्यांनी तपासली. या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्यावर उत्तर दिसले. मैदानातील तांबेरा दरवर्षी मरतो. तो उत्तरेस हिमालयात आणि दक्षिणेस निलगिरी व पळणीच्या डोंगरांत थंड हवेत तग धरतो, आणि थंडीच्या दिवसांत वाऱ्यावर स्वार होऊन पुन्हा मैदानात उतरतो. दारुहळदीचा येथे संबंध नाही. सिमला येथील फ्लॉवरडेल या वास्तूत मेहतांनी १९३० मध्ये सुरू केलेली प्रयोगशाळा आजही देशातील तांबेऱ्याच्या अभ्यासाचे मुख्य ठिकाण आहे.

माळव्याच्या दृष्टीने या शोधाचा अर्थ असा की, येथील काळ्या तांबेऱ्याचे माहेर सुमारे १२०० किलोमीटर दूर निलगिरीत आहे. १९७०च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानाचे नकाशे व शेतातील नोंदी जुळवून त्या वाटेचेही नियम सांगितले. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात वादळ उठून ते मध्य भारतावर विरणे, दक्षिण-मध्य भारतात निलगिरीपासून फार दूर नसलेला जास्त दाबाचा पट्टा टिकून राहणे, आणि मध्य भारतावर विस्तृत पाऊस पाडणारा कमी दाबाचा पट्टा येणे, या तीन गोष्टी जुळल्या की निलगिरीवरचे बीजाणू उचलले जातात, वाहून नेले जातात आणि पावसाच्या थेंबांबरोबर पिकावर उतरतात. नोव्हेंबरातील समुद्रावरील वादळाची बातमी माळव्यातील शेतकऱ्यासाठीही असते, ती याचमुळे.

वाट कळली, तरी येणारा पाहुणा दरवर्षी तोच असतो असे नाही. तांबेऱ्याच्या एकाच जातीचे अनेक वंशप्रकार असतात. डोळ्याला ते सारखे दिसतात. पण एक वंशप्रकार ज्या वाणाला शिवू शकत नाही, त्याच वाणाचा दुसरा फडशा पाडतो. हे ओळखण्यासाठी देशभरातून रोगट पानांचे नमुने सिमल्यास पाठविले जातात. पान सावलीत सुकवून कागदी पाकिटात घालावयाचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कुजते. पाकिटावर गाव, वाण आणि दिनांक लिहावयाचा. तेथे ठराविक कसोटी वाणांच्या कोवळ्या रोपांवर ते बीजाणू लावून कोणते रोप आजारी पडते ते पाहतात, आणि त्यावरून वंशप्रकार ठरतो. निरनिराळ्या वंशप्रकारांचा जिवंत संग्रहही तेथे जपला जातो. त्याला रोगाचे ग्रंथालय म्हणण्यास हरकत नसावी.

दुसरे साधन म्हणजे पाळतीचे वाफे. देशात ठिकठिकाणी निवडक वाणांच्या ओळी पेरतात, आणि त्यांत हटकून रोगाला बळी पडणारा ‘आग्रा लोकल’ सारखा वाणही ठेवतात. चोर आधी उघड्या दाराने शिरतो, तसा तांबेरा आधी याच ओळींवर दिसतो. रोगाची तीव्रता टक्क्यांत लिहितात, आणि पुढे प्रतिकाराचे अक्षर. ‘४० एस’ म्हणजे ४० टक्के रोग आणि वाण बळी पडणारा. ‘५ आर’ म्हणजे अल्प रोग आणि वाण प्रतिकारक. टक्क्यांच्या या मापाचे मूळ ऑस्ट्रेलियात कॉब याने १८९२ मध्ये केलेल्या मांडणीत आहे. इतक्या साध्या लिपीमुळे धारवाड, निफाड, महाबळेश्वर, इंदूर आणि कर्नाल यांच्या वह्या एकमेकींशी बोलू शकतात. महाबळेश्वरचे नाव पर्यटकांना वेगळ्या कारणासाठी ठाऊक असते. परंतु तेथे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, आणि तेथील थंड, दमट हवेत नव्या वाणांची तांबेऱ्यापुढे कसोटी घेतली जाते.

या नोंदींच्या आधारावर प्रतिकारक वाण घडविण्याचे काम झाले. बी. पी. पाल यांनी दिल्लीत सिद्ध केलेला ‘एनपी ८०९’ हा तिन्ही तांबेऱ्यांना प्रतिकार करणारा वाण १९५४ मध्ये आला. नाशिक जिल्ह्यातील निफाडला केनियाचा गहू आणि निफाडचा गहू यांच्या संकरातून ‘केनफाड’ वाण निघाले. दोन्ही मायबापांची नावे त्या एका शब्दात नांदतात. इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये उभारलेल्या संस्थेचे नाव कंपोस्ट खतासाठी जगभर गाजले. मातीचे आरोग्य हाच पिकाचा पहिला वैद्य, हे त्यांचे म्हणणे विसरण्याजोगे नाही; मात्र तांबेरा भरघोस, हिरव्यागार पिकावरही तितक्याच आवडीने येतो, आणि नत्राचा अतिरेक त्याला पोषकच ठरतो. पुढे १९५१ पासून भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे प्रादेशिक गहू केंद्र इंदुरात काम करू लागले. ज्या वाणांच्या नावाआधी ‘एचआय’ ही अक्षरे असतात, त्यांतील ‘आय’ हे इंदूरचे आहे. कठिया आणि शरबती हे दोन्ही प्रकारचे गहू एका प्रदेशात पेरल्याने तांबेऱ्याची घोडदौड अडते, कारण एकावर प्रबळ ठरणारा वंशप्रकार दुसऱ्यावर तसा ठरतोच असे नाही. जुन्या माळव्यातील कठिया गव्हाची चव जपण्यास हे आणखी एक कारण.

१९४६-४७ सारखी काळ्या तांबेऱ्याची साथ मध्य भारतात पुन्हा आली नाही, ती या सर्व कामामुळे. परंतु येथेच खरा धोका आहे.

प्रतिकारशक्ती ही कायमची मालमत्ता नव्हे. हरितक्रांतीचा लाडका ‘कल्याणसोना’ पाहता पाहता देशभर पसरला, आणि १९७०च्या दशकात तांबेऱ्याच्या नव्या वंशप्रकारांना बळी पडू लागला. ‘पीबीडब्ल्यू ३४३’ हा वाण १९९०च्या दशकाच्या मध्यापासून उत्तर भारतात लक्षावधी हेक्टरांवर उभा राहिला. नव्या शतकाच्या आरंभी पिवळ्या तांबेऱ्याने त्याचीही चावी शोधली, आणि २०१०-११ च्या हंगामात उत्तरेत मोठा प्रादुर्भाव झाला. १९९८ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याचा असा वंशप्रकार आढळला की, राय या धान्यापासून गव्हात आणलेले आणि जगभर वापरले गेलेले प्रतिकारक जनुक त्याच्यापुढे निष्प्रभ ठरले. ‘यूजी ९९’ या नावाने तो ओळखला जातो. २००५ मध्ये नॉर्मन बोरलॉग यांनी नव्वदीच्या वयात जगाला त्याविषयी सावध केले. २००७ मध्ये तो इराणपर्यंत पोहोचल्याचे दिसून आले. भारतात तो आजवर आढळलेला नाही. परंतु भारतीय वाण केनियात नेऊन त्याच्यापुढे तपासण्याचे काम तेव्हापासून सुरू झाले. एकेकाळी केनियाहून प्रतिकारशक्ती निफाडला आली. आता तिची परीक्षा देण्यास वाण केनियास जातात. २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हाचा ब्लास्ट हा दक्षिण अमेरिकेतील रोग एकाएकी सुमारे १५,००० हेक्टरांवर उमटला, आणि लगतच्या पश्चिम बंगालमधील जिल्ह्यांत गव्हाची पेरणीच काही काळ थांबवावी लागली. रोगाला पारपत्र लागत नाही.

अशा स्थितीत शेतकऱ्याने करावयाचे काम छोटे, पण न चुकण्याचे आहे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर आठवड्यातून एकदा शेतात नागमोडी वाटेने फिरावे. बांधावरून पाहणे हे पाहणे नव्हे. रोपे दुभंगून खालची पाने पाहावीत, कारण रोग बहुधा खालून वर चढतो. झाडांच्या सावलीत, पाटाच्या कडेला, सखल भागात, जेथे दहिवर उशिरापर्यंत टिकते, तेथे अधिक थांबावे. कोठे फोड दिसला तर बोटाची परीक्षा करावी, नमुना कागदी पाकिटात ठेवावा आणि कृषी केंद्राला कळवावे. रोग थोड्या जागेत असतानाच तज्ज्ञांच्या सल्ल्याने प्रोपिकोनॅझोलची, एक लिटर पाण्यात एक मिलिलिटर या प्रमाणात, फवारणी केल्यास तो आटोक्यात येतो. ओंबीच्या खालचे शेवटचे पान निरोगी राखणे हा त्यातील मुख्य हेतू. दाणा मुख्यतः त्या पानाच्या बळावर भरतो. दाणे भरून पिवळे पडू लागल्यावर फवारणी म्हणजे पैसा आणि विष दोन्ही वाया. आणि पेरणीच्या वेळीच सगळे शेत एकाच वाणाखाली न घालणे, हे तर फवारणीहूनही मोलाचे.

रोग दिसत नाही, म्हणून पाहणे थांबते. पाहणे थांबते, म्हणून ओळख जाते. आणि ओळख गेलेल्या गावात रोग आला तर तो पहिले तीन आठवडे निर्वेध वाढतो. काळ्या तांबेऱ्याचा फुटलेला फोड ज्याने प्रत्यक्ष पाहिला आहे, असा तरुण शेतकरी आज विरळा. हे यशाचेच फळ आहे, पण त्याच यशाने ही विस्मृती आणली आहे. देवीचा रोग जगातून गेला, तेव्हा त्याची ओळख विसरणे परवडले. तांबेरा गेलेला नाही. तो निलगिरीच्या थंड उतारांवर प्रत्येक पावसाळ्यात जिवंत असतो, आणि वाऱ्याची वाट पाहतो.

‘दिसला नाही’ ही म्हणूनच सर्वांत कमी लिहिली जाणारी आणि सर्वांत मोलाची नोंद आहे. अमुक गावी, अमुक दिनांकास, अमुक वाणावर रोग नव्हता, हे लिहून ठेवले असेल तरच तो केव्हा आणि कोठून आला, हे पुढच्या माणसाला सांगता येते. मेहतांचा शोध अशाच कोऱ्या आणि भरलेल्या रकान्यांवर उभा राहिला. स्लीमनच्या काळातील शेतकऱ्याची बुद्धी आजच्या शेतकऱ्याहून उणी नव्हती. त्याच्याजवळ शेजारच्या जिल्ह्याची वही नव्हती, एवढाच फरक.

ग्रंथालयाचे शंभर वर्षांचे कार्य हेही मूलतः हेच आहे: एकाने पाहिलेले दुसऱ्यापर्यंत, आणि एका पिढीने सोसलेले पुढच्या पिढीपर्यंत नेणे. या संस्थेच्या सभासदांत ज्यांची शेती आहे, त्यांनी आपल्या शेताची एक वही ठेवावी. पेरणीचा दिवस, वाण, दहिवर, पाऊस, आणि दर आठवड्यास पानांवर काय दिसले व काय दिसले नाही, एवढे तिच्यात असावे. अशा वह्या जीर्ण झाल्यावर रद्दीत न जाता येथील कपाटात आल्या, तर पुढील शताब्दीच्या वाचकाला त्यांचे मोल कळेल. ज्यांची शेती नाही, त्यांनी निदान इतके ध्यानी ठेवावे की, ताटातील पोळीमागे पेरणाऱ्याइतकेच पाहणाऱ्याचेही श्रम आहेत.

संस्थेच्या दुसऱ्या शतकास शुभेच्छा.